अण्णांची रांगोळी

पुरुषाच्या पिशवीत रांगोळीचा डबा मी आयुष्यात एकदाच पाहिला, तो आमच्या रामनगरच्या घरमालकांच्या. खांद्याला अडकवायची खाकी पिशवी. तिच्यात एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पांढरी रांगोळी. कुणाच्या घरी वायफाय रखडतंय असं कानावर आलं की ते ही पिशवी घेऊन निघत. बोलावणं आलंच पाहिजे असं काही नसे.

सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणायचे. ते टेलिफोनचे लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. जोयड्याच्या रानातून गेलेल्या तारा सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. फांदी पडून तार तुटली की जोडायची, गव्यानं अंग घासून खांब वाकवला की सरळ करायचा. पुढे त्या तारा गेल्या, खांबही गेले, पण इकडचा आवाज तिकडं पोचला पाहिजे ही काळजी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. वायफाय ते निवृत्तीनंतर शिकले, स्वतःच्या घरात चुका करून. "तार दिसायची, ही दिसत न्हाई, येवढाच फरक," ते म्हणत. "दिसत न्हाई म्हणून लोक हिला भूत समजत्यात. भूत कसलं. उजेडासारखी हाय. उजेडापेक्षा जरा धीट, येवढंच."

न दिसणारी गोष्ट दिसावी म्हणून रांगोळी. हातात मोबाइल धरून ते घरभर पावलापावलानं फिरत. प्रत्येक ठिकाणी वेग मोजायचा आणि उभे असतील तिथं जमिनीवर ठिपके टाकायचे. चांगला असेल तिथं तीन, बरा असेल तिथं दोन, रखडत असेल तिथं एक. काहीच नसेल ती जागा कोरी. अर्ध्या तासात जमिनीवर घराचं सगळं गुपित उमटायचं. लोखंडी कपाटामागं कोरी पट्टी, पाण्याच्या पिंपामागं कोरा कोपरा, चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडं एकेकटे ठिपके. मग घरच्या सगळ्यांना बोलावून ते नुसतं बोट दाखवत. आकडा मात्र कधी सांगत नसत. "आकडा कळला की माणूस हावरा होतोय. मग शेजारच्याचा किती हाय ते इचारत बसतोय."

भिंतीवर ते बोटाच्या पेरानं टकटक करत, फणस पिकलाय का बघतात तसं. "ही ऐकती," असं एखाद्या भिंतीबद्दल म्हणत, आणि दुसरीबद्दल, "ही बहिरी." पहिल्या भेटीत मला हे सगळं सोंग वाटलं होतं. मी सोंगांना फार वेळ देत नाही. पण तेव्हा माझी गरज मोठी होती.

गरज अशी. नवऱ्याचं गोव्यातलं काम बंद पडलं होतं आणि मुलगी बेळगावला नर्सिंगला होती. मला घरून करायची नोकरी मिळाली. मिक्सर, पंखे, गिझर विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी ऐकायच्या, मराठीतून आणि कन्नडमधून. आमच्याकडं दोन्ही भाषा येणं ही काही कला नाही, पण त्या कंपनीला ती हवी होती. पहिला महिना परीक्षेचा. अट एकच आणि साफ. महिन्यात तीन वेळा लाइन दोन मिनिटांहून जास्त तुटली की नारळ. पहिल्याच आठवड्यात माझी दोनदा तुटली.

इंटरनेट घरमालकांचं, भाड्यात धरलेलं. म्हणून मी भांडायच्या तयारीनं त्यांच्या पडवीत गेले. अण्णांनी माझं ऐकून घेतलं, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि विचारलं, "तुम्ही काम करताना कुठं बसतासा?"

"मागच्या खोलीत, टेबलाशी."

"तिथनं हलायचं मनात हाय?"

"नाही. पुढं रस्त्यावर ट्रक असतात. मागच्या खोलीतच आवाज येत नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग तुम्ही हलू नका. यंत्र हलवू."

हा त्यांचा सगळा धर्म होता. यंत्र, म्हणजे वायफायचा राउटर, माणसाकडं न्यायचं, माणसाला यंत्राकडं बोलवायचं नाही. कुठल्याही घरात शिरले की पहिला प्रश्न हाच: "हे लागतंय कोणाला?" आणि घरातले पुरुष "सगळ्यांनाच" म्हणाले की ते सरळ स्वयंपाकघराकडं तोंड करून तोच प्रश्न पुन्हा विचारत.

बाजारातल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी मी त्यांच्याबरोबर होते. यंत्र हॉलमधल्या काचेच्या कपाटावर, बक्षिसाच्या ढालीशेजारी. सून मागच्या खोलीत न्हाणीघराला लागून बसायची. बीएडची परीक्षा द्यायची होती तिला, अर्ज, तास सगळं मोबाइलवर. रांगोळीत तिची खोली कोरीच्या कोरी आली. अण्णा म्हणाले, "हे सूनबाईंच्या खोलीत जाईल."

व्यापारी म्हणाला, "अवो, हॉलमध्येच शोभतंय ते."

"शोभायला फुलदाणी ठेवा की."

"आणि मग माझ्या मोबाइलवर बातम्या कशा येतील?"

"हळूहळू येतील. बातम्या कुठं पळून जात न्हाईत."

यंत्र सुनेच्या खोलीत गेलं. व्यापाऱ्यानं दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या भाच्याच्या घरी अण्णांना पाठवलं.

माझ्या बाबतीत त्यांनी काय केलं ते सांगते. आमचं घर लांबट. पुढं पडवी आणि हॉल, मध्ये एक मोठी खोली, मागं माझ्या दोन खोल्या. यंत्र हॉलमध्ये लोखंडी कपाटाच्या डोक्यावर होतं. हॉलमध्ये तीन ठिपके, मधल्या खोलीत दोन, माझ्या भिंतीपाशी एक, आणि माझ्या टेबलाखाली काही नाही. मधली खोली आणि माझं टेबल असलेली खोली यांच्यात एक लाकडी दार होतं. पहिला भाडेकरू आला तेव्हापासून खिळे ठोकून बंद केलेलं. अण्णांनी पक्कड काढली आणि खिळे उपटायला लागले.

त्यांची बायको, आमच्या काकू, पदराला हात पुशीत आल्या. "अवो, भाडेकरूचं दार हाय ते."

"मग? त्यांना इचारलंय मी."

त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "हो, विचारलंय."

यंत्र मधल्या खोलीत, त्या दारासमोरच्या फळीवर आलं. खांबावरून घरात आलेली वायर तिथवरच पुरत होती. कंपनीच्या माणसानं बरोबर मापून कापलेली. मी दाराला पडदा लावला. टेबलाखाली तीन ठिपके पडले. अण्णांनी चहा मागितला, कारण काम झाल्याशिवाय ते चहा घेत नसत, आणि चहा पिताना माझ्या फ्रिजची जागा चुकीची आहे यावर मला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर फ्रिज दुसऱ्या भिंतीला. हा त्यांचा दोष. बरोबर असले की त्यांना थांबता येत नसे.

दोष आणखीही होते. आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं की ते रस्त्यानं शिट्टी वाजवीत जात आणि प्रत्येक दाराशी ओरडत, "वायर काढा, वायर काढा." मी फोनवर असले तरी ओरडत. विजेनं मेलेली यंत्रं ते कुणाला टाकून देऊ देत नसत. परसातल्या पेरूच्या झाडाला दहाबारा टांगलेली होती, माकडं भिऊन पळावीत म्हणून. माकडं त्यांच्यावर बसून पेरू खात. काकूंनी हे कितीदा दाखवून दिलं. अण्णा म्हणत, "नवीन माकडं हायत. शिकतील."

पण त्यांची घाई फक्त वस्तूंच्या बाबतीत होती, हे मला नंदिगड्ड्याला कळलं. एका रविवारी मला सुट्टी होती आणि ते निघालेच होते, म्हणून मी गेले. तिथल्या एका घरात नातसून शिवणाचं काम करायची. ब्लाउजचे नमुने मोबाइलवर मागवायची, गिऱ्हाइकांना फोटो पाठवायची, आणि एक फोटो जायला तिचा अर्धा तास जायचा. यंत्र देवघरात. घरातली सगळ्यात जपायची जागा तीच, म्हणून तिथं ठेवलेलं. मागं पितळी परात, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेले तांबे. खंडेनवमीला त्याची पूजा झालेली होती. वरच्या बारीक भोकांतून हळदकुंकू आत गेलेलं, अँटेनाच्या दोन्ही शिंगांना झेंडूची वाळकी माळ.

मला हसू येत होतं. अण्णांनी हात जोडले, मग रांगोळीचे ठिपके टाकले. नातसुनेच्या मशीनपाशी एकही नाही. घरातला कर्ता मुलगा म्हणाला, "उचला अण्णा, कुठं ठेवायचं ते सांगा." अण्णा हलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आज्जी, ह्याला इथनं उठवू काय?"

म्हातारी म्हणाली, "मला काय इचारतोस. त्यास्नी इचार." म्हणजे देवाला.

तिनं दोन फुलं ओली करून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही बसलो. फूल पडायला पाऊण तास लागला. मुलगा दोनदा बाहेर जाऊन आला, मी घड्याळ पाहिलं, नातसून दाराच्या चौकटीला धरून उभी. अण्णा मांडी घालून, त्या फुलांकडं बघत बसले. उजवं पडलं. मग त्यांनी यंत्र उचललं, ब्रशनं हळद झाडली, माळ मात्र काढली नाही, आणि ते शिवणाच्या मशीनजवळच्या खुंटीला अडकवलं.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "अण्णा, मुलगा उचला म्हणत होता. पाऊण तास कशाला घालवला?"

"मुलाच्या सांगण्यावरनं उचललं असतं तर म्हातारीनं उद्या सकाळी परत देवाजवळ नेऊन ठेवलं असतं. आता न्हाई ठेवणार."

"आणि डावं पडलं असतं तर?"

"तर मशीन देवघराजवळ आणली असती," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. हलवायचं कुणाला आणि विचारायचं कुणाला, यात त्यांची कधी गल्लत होत नसे. निदान दुसऱ्यांच्या घरात तरी.

माझा महिना संपायला तीन दिवस उरले असताना, बुधवारी, भात आलं. अण्णा त्या दिवशी सकाळपासून कुणाच्या तरी घरी गेले होते. मी फोनवर होते. मधल्या खोलीत धपाधप आवाज, माणसांची ये-जा. सुट्टी झाल्यावर पडदा बाजूला करून पाहिलं तर दारात उंबऱ्यापासून वरच्या चौकटीपर्यंत पोती. मधली खोली भातानं भरलेली. दर वर्षी तिथंच रचत, त्यामुळं काकूंनी गड्यांना नेहमीची जागा दाखवली होती. त्या वर्षी कापणीत पाऊस झालेला, भात पुरतं वाळलेलं नव्हतं. पोत्यांवर हात ठेवला तर गार लागत होतं.

संध्याकाळी अण्णा आले, पिशवी न उतरवता माझ्या टेबलापाशी गेले, मोबाइल पाहिला. एक ठिपका टाकला. थोडं थांबून तोही पायानं पुसला.

"ओलं भात म्हणजे पाणीच," ते म्हणाले. "चूक माझी. जागा मोकळी ठेवा म्हणून सांगायला पायजे होतं."

"मग पोती जरा सरकवू," मी म्हणाले. "गडी बोलावते. दारापुरती तर सरकवायची आहेत."

काकू बोलल्या. "त्याला हात लावायचा न्हाई, बाई."

भात दोघा भावांचं होतं. शेत बाजारकुणंग या गावी, धाकटा भाऊ कसायचा. गिरणी रामनगरला म्हणून सगळं भात मोठ्या भावाच्या घरी येऊन पडायचं आणि वाटणी होईपर्यंत तसंच राहायचं. वाटणीच्या वेळी दोघं समोर उभे पाहिजेत. पाच वर्षांपूर्वी छपर गळायला लागलं म्हणून अण्णांनी धाकटा नसताना पोती एका खोलीतून दुसरीकडं नेली. एक दाणा इकडचा तिकडं झाला नव्हता. धाकटा आला, त्यानं हललेली पोती पाहिली आणि एवढंच म्हणाला, "दादा, माझ्या माघारी हात लावलास." तेव्हापासून तो रामनगरला आला नव्हता. भात ट्रॅक्टरनं पाठवायचा, वाटणीला मुलाला पाठवायचा. अण्णांनीही त्यानंतर वाटणीचा दिवस सोडून भाताला बोट लावलं नव्हतं.

"दुसऱ्यांदा लावला," काकू म्हणाल्या, "तर पहिल्यांदाचा संशयबी खरा ठरतोय."

हे मला पटलं. पटल्यामुळं माझी अडचण कमी झाली नाही.

अण्णांनी गुरुवारी जे जमेल ते केलं. यंत्र तुळईला उलटं टांगून पाहिलं, वायर हातभर कमी पडली. शिंगं सगळ्या बाजूंना वळवली. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला वायर जोडायची सोयच नव्हती आणि महिना संपेपर्यंत नवीन यंत्र बसवायला कंपनीची मनाई. मी अर्धा तास पडवीत बसून पाहिलं. एका बाईनं विचारलं, "तुम्ही ट्रकात बसलाय काय?" आणि फोन ठेवून दिला. मी पुन्हा मागं आले. दिवस कसाबसा निघाला. वरच्या मॅडमचा निरोप आला, आवाज तुटतोय, उद्या शेवटचा दिवस आहे, सांभाळा.

शुक्रवारी सकाळी मी कामाला बसले, तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. असा चहा त्या कधी आणत नसत.

"पहिल्या गाडीनं गेल्यात," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"बाजारकुणंगला."

मी हेडफोन काढून हातात धरला. "फोन करायचा ना."

"धाकटा उचलणार न्हाई. आणि उचलायला त्याला टेकावर चढावं लागतंय, घरात रेंज लागत न्हाई." काकू पेल्याकडं बघत होत्या. "आंघोळ करताना पाठ करत होते. 'भाताला हात लावायचाय, तू समोर पायजे.' येवढंच वाक्य. चारदा म्हटलं."

"येतील ते?"

"कोण? आमचे का धाकटा?"

"धाकटे."

"मला काय ठावं," काकू म्हणाल्या. "तुम्ही काम करा."

मी काम केलं. त्या दिवशी माझ्या तोंडून "माफ करा, पुन्हा सांगता का" याशिवाय फारसं काही निघालं नाही. दुपारी बाराच्या सुमाराला एका कन्नड बाईशी बोलताना लाइन गेली. लॅपटॉपच्या पडद्यावर गोल फिरायला लागला. मी घड्याळ पाहत बसले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. दोन मिनिटांना थोडे सेकंद उरले असताना बाईंचा आवाज आला, "हॅलो, इद्दीरा?" मी म्हणाले, इद्देने, आहे. जेवले नाही. भूक नव्हती असं नाही, उठायची हिंमत नव्हती.

साडेतीनच्या पुढं अंगणात मोटारसायकल थांबली. पोत्यांमुळं मला काही दिसत नव्हतं. ऐकू आलं ते असं. चपला काढल्याचा आवाज. काकूंचा आवाज, "पाणी घ्या." मग एक जाड, अनोळखी आवाज, "कुठलं?"

"हे दाराजवळचं," अण्णा म्हणाले.

"ह्या दारातनं वायफाय जातंय?"

"व्हय."

"आणि ह्याच्यासाठी तू बाजारकुणंगला आलास."

"व्हय."

"पाच वर्षांत दुसरं कारण गावलं न्हाई तुला."

यावर अण्णा काय म्हणाले ते मला कळलं नाही, कारण माझा फोन वाजला. वेळ संपायला थोडीच मिनिटं होती, म्हणजे हा शेवटचाच. चंदगडकडचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचा मिक्सर सुरू होऊन मध्येच बंद पडत होता. मी मिक्सरच्या बुडाचा नंबर विचारला. ते म्हणाले, चष्मा घेऊन येतो. तेवढ्यात माझ्यामागं पहिलं पोतं धप्पकन जमिनीवर आलं.

"कसला आवाज येतोय ओ बाई?"

"माफ करा. घरात पोती हलवताहेत."

"कसली?"

"भाताची."

"जाडं का बारीक?"

"मला माहीत नाही. घरमालकांचं आहे. दोघं भाऊ हलवताहेत."

"दोघं भाऊ? मग बोलत कसं न्हाईत? पोतं उचलताना माणूस बोलतंय."

मी कामाच्या वेळी गिऱ्हाइकाशी कधी घरचं बोलत नाही. सगळं रेकॉर्ड होतं. तरीही म्हणाले, "पाच वर्षं बोलत नाहीत. आज पहिल्यांदा एकत्र आलेत."

म्हातारे म्हणाले, "मग माझं सावकाश होऊ द्या. मी हाय लाइनवर."

ते खरंच थांबले, आणि लाइनही थांबली. मी खुर्ची वळवली. दारातली वरची रांग निघाली तशी मधल्या खोलीतला उजेड माझ्या टेबलावर आला. आधी दोन पिकली डोकी दिसली, मग खांदे. दोघांची उंची सारखी, मानही तशीच पुढं काढलेली. अण्णा एक टोक धरत, धाकटा दुसरं. "धर." "सोड." "धर." "सोड." दोन्ही शब्द धाकट्याचे. अण्णा एकदा कण्हले तेव्हा तो म्हणाला, "कंबरेनं उचलू नको," आणि पुढच्या पोत्याचं जड टोक स्वतःकडं घेतलं. माझ्या कानातला आवाज आता इतका स्वच्छ येत होता की चंदगडला कुठंतरी कोंबडी कलकलली ती मला ऐकू आली.

शेवटचं पोतं दोघांच्या हातांत होतं.

"तिकडं नको," धाकटा म्हणाला. "त्या भिंतीला ओल हाय."

"घर माझं हाय. ओल कुठं हाय ते मला ठावं."

"भात माझंबी हाय."

"मग इतकी वर्षं येऊन सांगायचं होतंस कुठं ठेवायचं ते."

"बोलावलंस कवा? आणि छपर गळत होतं तर तवाच गाडीत बसायला काय झालं होतं? आज बसलास की."

"तवा पाऊस होता. गाड्या बंद होत्या."

"चालत यायचं. माझ्यासाठी न्हाई, भातासाठी तरी."

"चाळीस पोती भिजत होती आणि मी चालत येऊ? तू आलायस का कधी चालत?"

"मागल्या टायमाचं बोलायचं असंल तर हे खाली ठेव आणि बोल."

"ठेवतो की. कुठं ठेवू ते तर सांग."

काकू दारात उभ्या होत्या. त्या मध्ये पडल्या नाहीत.

"बाई," म्हातारे कानात म्हणाले, "हलली काय सगळी?"

"हलली," मी म्हणाले. "आता भांडताहेत."

"मोठ्यानं?"

"हो."

"मग बरं हाय," ते म्हणाले. "घ्या, मिक्सरचा नंबर लिहून घ्या."